फायबरच्या नावेचा प्लग : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

२००५, २०१९, २०२१. कृष्णाकाठच्या माणसाला महापुराच्या या सालांची ओळख करून द्यावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघालेली नाव उलटली आणि गावाची माणसे गेली. नदीकाठी तेव्हापासून एक विचार ऐकू येतो : आपल्या नावा आपणच करू, फायबरच्या करू, एकदा साचा तयार झाला की हव्या तेवढ्या काढता येतील.

विचार चांगला आहे आणि या भागात तो पुरा करणारे हातही आहेत. कुपवाड, मिरज, कराड, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींमध्ये ओतकाम, पॅटर्न, फायबर, सुतारकाम हे सगळे जाणणारी माणसे सापडतात. अडचण आहे ती साच्याच्या आधीच्या पायरीची. त्या पायरीला कारागीर प्लग म्हणतात, आणि तिच्याबद्दल इतक्या चुकीच्या गोष्टी सांगितल्या जातात की चांगल्या मनाने सुरू केलेले काम मध्येच फसते, किंवा पुरे होऊन धोक्याची नाव तयार होते. दुसरे पहिल्यापेक्षा वाईट.

“खरे काम साच्याचे, प्लग म्हणजे नुसता आधार”

फायबरची नाव साच्याच्या आत घडते. साच्याला आतून मेण लावायचे, त्यावर जेलकोट, म्हणजे नावेचा सगळ्यात बाहेरचा चमकदार थर, मारायचा, त्यावर काचेची मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे, आणि सगळे घट्ट झाले की नाव बाहेर काढायची. म्हणजे नावेची बाहेरची बाजू ही साच्याच्या आतल्या बाजूची नक्कल. तो साचा स्वतः प्लगवरून निघतो. प्लग ही खऱ्या मापाची, हुबेहूब आकाराची, पण पाण्यात कधीच न जाणारी नाव असते. बहुधा ती पालथी बांधतात. खाली लाकडी किंवा लोखंडी पाया, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या केलेल्या प्लायवूडच्या फ्रेम, आणि फ्रेमच्या मधल्या जागेत फोम.

प्लगवर जे असेल ते सगळे साच्यात उतरते. पॉलिशपेपरचा ओरखडा उतरतो, लांबी (पुट्टी) नीट न घासलेली जागा उतरते, एका बाजूला दहा मिलिमीटर जास्त गेलेला पोटाचा गोलवा उतरतो. जेलकोट हा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा थर. तो दोष झाकत नाही, उलट चमकवून दाखवतो. शिवाय प्लगवरचा उंचवटा साच्यात खड्डा होतो आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नावेवर पुन्हा उंचवटा होऊन बसतो. प्लगवर दहा मिनिटांत घासून जाणारी गोष्ट साच्यात दुरुस्त करायला दिवस जातो. माझ्या मते सगळ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ प्लगवर जायला हवा, आणि तो गेला म्हणून कुणी कारागिराला संथ म्हणू नये.

“फाउंड्रीच्या पॅटर्नसारखाच प्लगही टिकाऊ हवा”

हा गैरसमज या भागाचा स्वतःचा आहे आणि त्याचे कारणही अभिमानाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली आणि लोखंडी नांगर ओतायला घेतले. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना १९२२ पासून. ओतकाम आले तिथे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, आले, आणि पॅटर्न करणाऱ्या सुताराला अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हे कळायला लागले. आज त्याच माणसाकडे नावेचा प्लग मागितला तर तो सागवान काढतो, सांधे मारतो, वर्षानुवर्षे टिकेल अशी वस्तू करतो. खर्च तिप्पट होतो.

ओतकामात वाळूचा साचा प्रत्येक ओतणीला मोडतो आणि पॅटर्न पुन्हा पुन्हा वापरला जातो. फायबरमध्ये नेमके उलटे घडते. साचा राहतो, त्यातून डझनावारी नावा निघतात, आणि प्लगचे काम एका साच्यापुरते. साचा सोडवताना प्लग फुटला, फोम उखडला, तरी साचा चांगला निघाला असेल तर काहीही गमावलेले नाही. म्हणून प्लगला टिकाऊपणा नको, स्थिरपणा हवा. पहिली फ्रेम उभी केल्यापासून साचा सुटेपर्यंत तो लवता कामा नये, पिळवटता कामा नये. पैसे घालायचे तर पायाच्या चौकटीत घालावेत : सरळ, जड, जमिनीला पक्की, पाणसळ लावून एकसारखी केलेली.

याच कारणासाठी मरीन प्लायचा आग्रहही सोडून द्यावा. आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय पाण्यात राहणाऱ्या कामासाठी आहे. प्लग पाणी बघतच नाही. आयएस ३०३ चे साधे १८ मिलिमीटरचे प्लाय फ्रेमला पुरते. मात्र तक्ता सपाट हवा, वाकलेला किंवा पोटातून पोकळ नको. दुकानात तक्ता उभा करून कडेने नजर टाकली की कळते.

पॅटर्नवाल्यांचा दुसरा प्रश्न आकुंचनाचा. बिडाचे ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का, म्हणजे मीटरला दहा मिलिमीटर आटते, म्हणून पॅटर्न मोठा करतात. नावेच्या प्लगला अशी वाढ द्यावी लागत नाही; लांबीत पडणारा फरक नावेच्या दृष्टीने नगण्य असतो. पण पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आटते, हे खरे आहे. त्याचा त्रास मापात होत नाही, पृष्ठभागात होतो. साच्याचे सगळे थर एका दिवशी चढवले तर उष्णता साठते, थर ओढला जातो आणि साचा प्लगपासून आधीच सुटून वाकडा होतो. पहिली पातळ मॅट लावून रात्रभर थांबायचे, हवेचे बुडबुडे तपासून फोडायचे, मग पुढचे थर एका वेळी दोन-तीन. साचा नावेच्या जाडीच्या निदान दुप्पट जाड करायचा आणि बाहेरून पट्ट्यांचा सांगाडा बसवायचा, तोही प्लगवरून सोडवण्याआधी. सोडवल्यावर बसवलेला सांगाडा वाकडा झालेला साचा सरळ करत नाही.

ओतकामातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी लागू पडते, ती म्हणजे उतार. वस्तू साच्यातून सुटायची तर उभ्या बाजूंना दोन-तीन अंश तरी तिरपेपणा हवा. नावेच्या बाजू वर जाताना आत वळल्या असतील तर एकसंध साच्यातून ती कधीच निघणार नाही. कण्यावर सांधा ठेवून साचा दोन भागांत करावा लागतो आणि बोल्टने जोडावा लागतो. पॅटर्नवाल्या सुताराला हे सांगावे लागत नाही. त्याला नुसते प्लगच्या समोर उभे करावे.

“फोम म्हणजे फोम, थर्माकोलही चालेल”

सगळ्यात जास्त प्लग इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाजारात हाताला लागणारे फोम मुख्यतः दोन जातींचे. एक पांढरा थर्माकोल, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्याचाच घट्ट भाऊ निळ्या किंवा गुलाबी तक्त्यांत येतो. दुसरा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, पिवळसर, बोटाने दाबला की भुगा होणारा. नावांच्या साच्याला बहुतेक जण पॉलिस्टर रेझिन वापरतात कारण ते स्वस्त आहे. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि स्टायरीन थर्माकोल विरघळवते. वर चढवलेला थर घट्ट होण्याच्या आत खालचा फोम बसून जातो. निळा-गुलाबी तक्ताही याला अपवाद नाही.

“मग वर कागद चिकटवतो, फेविकॉलचा हात देतो, डिस्टेंपर लावतो” हे उपाय सांगितले जातात. एक टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी स्टायरीन आत शिरते, आणि प्लगच्या अंगावर टाचणीएवढ्या जागा शेकड्यांनी असतात. छोट्या देखाव्याला जे चालते ते चौदा फुटी प्लगला चालत नाही.

थर्माकोल वापरायचाच असेल तर मार्ग एकच : वरचे आवरण एपॉक्सी रेझिन आणि काचेच्या कापडाचे. एपॉक्सी थर्माकोलला खात नाही. ते पूर्ण पक्के होऊ द्यायचे, घाई करायची नाही, कारण अर्धवट पिकलेल्या एपॉक्सीवर पॉलिस्टर नीट घट्ट होत नाही. पीयू फोमवर पॉलिस्टर थेट चालते. तो महाग आहे, पण आवरणाच्या एपॉक्सीचा खर्च धरला तर फरक पुष्कळ कमी होतो. मी पीयूच्या बाजूचा आहे.

आता कापण्याची गोष्ट. गणपतीच्या मखरांमुळे गरम तारेने थर्माकोल कापण्याची कला आपल्याकडे घरोघरी पोहोचली होती. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर ते हात रिकामे झाले. ही मंडळी प्लगच्या कामाला उत्तम आहेत. पण त्यांनी ती तार पीयू फोमला कधीही लावू नये. पीयू जळताना निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन सायनाइड आणि आयसोसायनेट असतात. पीयू करवतीने कापायचा, कानशीने आणि पॉलिशपेपरने घासायचा, आणि भुग्यासाठी चांगला मास्क लावायचा.

“फ्रेमच्या कडेपर्यंत फोम घासला की आकार आपोआप येतो”

कागदावर हे अगदी पटते. आराखड्यातल्या प्रत्येक छेदाची एक प्लायवूड फ्रेम, चौदा फुटी नावेला दीड-दीड फुटावर दहाएक, पुढच्या टोकाकडे जरा जवळ जवळ कारण तिथे आकार झपाट्याने बदलतो. मधे फोम भरला, फ्रेमच्या कडेला टेकवून घासला, झाले.

प्रत्यक्षात प्लाय कठीण आणि फोम मऊ. एकाच पेपरने दोन्ही घासले की फोम जास्त जातो. दोन फ्रेमच्या मधे अंग खपाटीला जाते आणि प्रत्येक फ्रेमवर एक कड उभी राहते. हाताला हे लागत नाही. वर रंग चमकला आणि सायंकाळचे तिरपे ऊन पडले की नाव उपाशी जनावरासारखी बरगड्या दाखवते. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून जाणकार फ्रेमची कड आखलेल्या रेषेपेक्षा तीन-चार मिलिमीटर आत घेतात, फोम तिच्यावरून जाऊ देतात आणि पूर्ण अंगावर काचेच्या कापडाचे एकसारखे आवरण चढवतात. त्या आवरणानंतर घासायला सगळीकडे एकच कठीणपणा मिळतो. मग लांबी. मोटारगाड्यांच्या डेंटिंगमध्ये वापरतात ती पॉलिस्टर लांबी चालते, कारण ती हार्डनरने पिकते. हवेवर वाळणारी साधी लांबी महिनाभर आटत राहते आणि खालच्या रेषा वर आणते.

घासायचे साधन हातातला तुकडा नव्हे. दोन-तीन फूट लांब, जराशी लवणारी पट्टी घ्यावी, तिला पॉलिशपेपर चिकटवावा आणि दोघांनी दोन टोके धरून तिरपी ओढावी, एकदा या कोनातून, एकदा त्या. वर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारून घासले की काळा राहिला ती जागा खोल आणि लगेच उघडी पडली ती जागा उंच. ८० नंबरपासून सुरुवात करून १२०, २२०, मग वॉटरपेपरने ४००, ८०० आणि पुढे. मधला नंबर गाळू नये. ८० चा ओरखडा ४०० ने जात नाही, फक्त दिसेनासा होतो आणि जेलकोटवर परत उगवतो.

फ्रेम उभ्या करतानाच मधोमध दोरी ताणून, प्रत्येक फ्रेमवर मध्यरेषा आखून, ओळंबा सोडून तपासणे हे त्याहून महत्त्वाचे. एक फ्रेम सहा मिलिमीटर बाजूला गेली तर पुढे कितीही लांबी भरली तरी नाव एका अंगाला ओढत राहते.

“सीएनसी मशीन नसेल तर नाद सोडा”

मोठ्या गोद्या आता पूर्ण प्लग मशीनवर कोरून घेतात हे खरे. पण तालुक्याच्या गावीही दाराच्या आणि देवघराच्या जाळ्या कापणारी सीएनसी राउटर असतात. संगणकावरच्या आराखड्यावरून फ्रेम तिथे कापून आणाव्यात, आठ बाय चारच्या तक्त्यात बसवून. फोम आणि घासकाम हाताने. एवढी मशिनरी पुरे.

आणि सपाट तळाची, कोनदार बाजूंची नाव करायची असेल तर फोमही थोडाच लागतो. प्लायवूडच्या मोठ्या पट्ट्यांवर सनमायका चिकटवला की चमकदार, घट्ट पृष्ठभाग विकतच मिळतो; फोम पुढच्या टोकाला आणि कोपऱ्यांच्या गोलाईला. कोपरा धारदार ठेवू नये, काचेची मॅट तिथे वळत नाही आणि मागे पोकळी राहते. निदान आठ-दहा मिलिमीटरची गोलाई द्यावी. पुराच्या पाण्यात, गल्लीबोळांतून, उथळातून जायला हीच नाव सोयीची. तिचे मोठे सपाट भाग लवतात, म्हणून आतून पट्ट्या द्याव्या लागतात, एवढे लक्षात ठेवावे.

“घरातला ऑइलपेंट मारा, वर मेण घासा, साचा सुटतो”

नाही सुटत. साधा सिंथेटिक एनॅमल स्टायरीनने सुरकुततो आणि त्या सुरकुत्या साच्याला चिकटतात. दोन भागांचा पीयू रंग किंवा पॉलिस्टरचा प्राइमर वापरावा, आणि तो पूर्ण पिकू द्यावा. त्यानंतर साच्याचे मेण पाच-सहा हात, प्रत्येक हातानंतर वेळ देऊन. पहिल्या साच्यासाठी त्यावर पीव्हीएचा पातळ पडदा. पीव्हीए पाण्यात विरघळतो, म्हणून सोडवताना कडेतून पाणी सोडायचे, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरी हलक्या हाताने ठोकायच्या. छिन्नी लावणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवावे.

“हार्डनर जास्त टाकला की लवकर आणि जास्त पक्के होते”

लवकर होते, पक्के होत नाही. हार्डनर, म्हणजे एमईकेपी, बहुधा रेझिनच्या एक ते दोन टक्के टाकतात. नेमके प्रमाण रेझिन बनवणारा सांगतो, आणि ते वजन-मापाने घ्यायचे, झाकणाच्या अंदाजाने नाही. जास्त टाकले की थर तापतो, तडकतो, आणि खाली थर्माकोल असेल तर तो मऊ पडतो.

इथे मला घरातल्या माणसासारखे बोलायचे आहे. एमईकेपी आणि कोबाल्ट (रेझिन पिकण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत. त्याने भडका उडतो, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, हार्डनर त्यानंतर. शक्यतो कोबाल्ट घातलेले रेझिनच विकत घ्यावे. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नये, आणि उडालेच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहून दवाखाना गाठावा. तोंडाला बांधलेला रुमाल स्टायरीनची वाफ अडवत नाही. वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क लागतो. कारखान्यात पोरे रुमाल बांधून दिवस काढतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

“तयार नावेवरूनच साचा काढू, प्लग कशाला”

दुसऱ्याच्या नावेचा आकार हे त्याचे काम असते. डिझाइन नोंदलेले असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याने त्याला संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वापरलेल्या नावेचे अंग कुठे बसलेले असते, कुठे पिळवटलेले. ते सगळे साच्यात येते. हा मार्ग घेऊ नये.

“साच्याशिवाय फायबरची नाव होतच नाही”

होते, आणि त्याचे एक उदाहरण याच भागाशी जोडलेले आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीत व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी राहत. १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्ता या युद्धनौकेचे नेतृत्व केलेले, वीर चक्राचे मानकरी. भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हे स्वप्न त्यांचे. समुद्रापासून दूर, सातारा जिल्ह्यातल्या कोरड्या माळावर बसून त्यांनी ते वर्षानुवर्षे लावून धरले. त्यासाठी लागणारी नाव गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली : छप्पन्न फुटी ‘म्हादेई’, २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून थांबे घेत प्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता.

म्हादेई साच्यातून निघालेली नाही. लाकडाच्या अरुंद पट्ट्यांचे अंग घडवायचे आणि त्याच्या आतून-बाहेरून काचेचे कापड आणि रेझिन चढवायचे, या रीतीने ती बांधली. लाकूड मध्येच राहते, तेच नावेचे अंग होते. तिच्याच आराखड्यावरची ‘तारिणी’ २०१७ मध्ये त्याच गोदीतून आली, सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन २०१७-१८ मध्ये जग फिरली, आणि २०२४-२५ मध्ये दोघींना घेऊन पुन्हा.

म्हणून गावाला एक किंवा दोनच नावा हव्या असतील तर प्लग आणि साचा हा मार्ग चुकीचा आहे. एका नावेसाठी तीन वेळा काम होते : प्लग, साचा, नाव. लाकडी पट्ट्यांवर किंवा चांगल्या मरीन प्लायवर फायबर चढवून नाव करावी. इथे मात्र आयएस ७१० चेच प्लाय, कारण ते पाण्यात जाणार आहे. आठ-दहा किंवा जास्त एकसारख्या नावा हव्या असतील तेव्हाच प्लगचा खर्च वसूल होतो. हा आकडा एकट्या गावाचा होत नाही, पाच-सहा गावांचा मिळून सहज होतो.

“फायबर हलके, ते बुडत नाही”

हा समज जीव घेणारा आहे. काच आणि रेझिन मिळून झालेला थर पाण्याच्या दीडपट जड असतो. पाणी भरलेली फायबरची नाव तळाला जाते. ती तरंगत राहायची तर तिच्या आत बंद पेट्या हव्यात, त्यांत फोम भरलेला हवा, आणि त्यांची जागा प्लगच्या आराखड्यातच धरलेली हवी. शंभर लिटर हलका पीयू फोम साधारण पंच्याण्णव किलो भार पेलतो. इंजिन, नावेचे पाण्यातले वजन आणि कडेला धरून राहिलेली माणसे मोजून किती फोम लागेल ते काढता येते.

दुसरा हिशोब काठाच्या उंचीचा. पाण्याच्या रेषेवर चार चौरस मीटर पसरलेली नाव घ्या. ती एक सेंटिमीटर खाली जायला चाळीस किलो लागतात. साठ सेंटिमीटर खोल नाव रिकामी असताना बारा बुडालेली धरली तर अठ्ठेचाळीस शिल्लक. सरासरी पंच्याहत्तर किलोची दहा माणसे बसली की आणखी एकोणीस गेले, एकोणतीस उरले. वीस बसली की उरतात दहा-अकरा सेंटिमीटर, आणि पुराच्या पाण्यात घाबरलेली माणसे एका बाजूला झुकली की तेही उरत नाहीत. या नावेवर “१०” हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायला हवा. ती किती रुंद, किती खोल, हे ज्या दिवशी प्लगच्या फ्रेम कापल्या जातात त्या दिवशी ठरते. साचा झाल्यावर बदलता येत नाही.

म्हणून आराखडा अंदाजाने काढू नये, नौकास्थापत्य शिकलेल्याकडूनच घ्यावा. इंजिन लावणार असाल तर २०२१ चा अंतर्देशीय जलवाहने कायदा लागू होतो. नोंदणी आणि तपासणी लागते, आणि तपासणारा कागदपत्रांत हाच हिशोब मागतो. तो आधी केलेला बरा.

राहिली गोष्ट हवामानाची. महाबळेश्वर-तापोळ्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या ओलीत प्लाय फुगते, काचेची मॅट दमट होते, रेझिन चिकट राहते. एप्रिल-मेच्या सांगलीत पत्र्याखाली फोममधली हवा फुगून प्राइमरला फोड येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम करायचे महिने.

कृष्णा, वारणा, येरळा आणि कोयनेच्या काठावरच्या ज्या गावांना नावा हव्या आहेत त्यांनी एकत्र यावे, एक आराखडा दिवाळीच्या आत तपासून घ्यावा, आणि एकच प्लग करावा. पॅटर्नवाले सुतार, थर्माकोलचे कारागीर, फायबरची पोरे यांना एका शेडखाली आणावे. साचा तालुक्याच्या ठिकाणी सावलीत, चौकटीवर पालथा जपून ठेवावा. त्यातून निघालेल्या पहिल्या नावेत मुद्दाम पाणी भरून, मोजून वजन ठेवून ती घाटावर सगळ्यांसमोर तपासावी, आणि ती तरंगत राहिली तरच दुसरी काढायला घ्यावी.